वर्ष कोठे मोडते?

दफ्तरातल्या कागदावर तारीख असते. पण तो कागद कोणत्या कालखंडात घालावा हे त्या तारखेवरून आपोआप ठरत नाही. ते ठरवतो रुमाल बांधणारा. त्याने वर्षाची सुरुवात चैत्रात धरली तर कागद एका गठ्ठ्यात जातो, मृगात धरली तर दुसऱ्या, आणि जानेवारीत धरली तर तिसऱ्याच. पुढे पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक येतो, गठ्ठ्यावरचे साल वाचतो, आणि त्या सालाच्या आधाराने इतिहासाचे एखादे अनुमान बांधतो. ते अनुमान कागदाने दिलेले असते की गठ्ठ्याने, याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

ही चौकशी आज करण्याचे कारण असे की, कागदांच्या याद्या आता संगणकावर येऊ लागल्या आहेत. एखादे नाव शोधले की शेकडो नोंदी क्षणात पुढे येतात, आणि त्या कालखंडाने वाटून दाखव म्हटले की यंत्र तेही करते: या दशकात इतके कागद, त्या दशकात इतके. काम सोपे झाले हे खरे. पण वाटणी करणारा हात दिसेनासा झाला, हेही तितकेच खरे. जुन्या कारकुनाचा हात निदान त्याच्या अक्षरावरून ओळखू येत असे.

कोल्हापूरकराला हा प्रश्न परका वाटू नये. या गावाच्या इतिहासात जितक्या प्रकारची वर्षे एकमेकांत गुंतली आहेत तितकी फार थोड्या ठिकाणी गुंतलेली आढळतील. ज्या पाडव्याच्या सुमारास हा अंक वाचकांच्या हाती पडेल, तो बलिप्रतिपदेचा पाडवाही एका वर्षाचा पहिला दिवस आहे. विक्रम संवताचा कार्तिकी हिशेब त्या दिवशी उलटतो, व्यापाऱ्यांच्या वह्या बदलतात, आणि आपल्या गूळबाजारात मुहूर्ताचे सौदे निघतात. शालिवाहन शकाला मात्र त्या दिवसाचे काही वाटत नाही. त्याचे वर्ष आणखी पाच महिने चालायचे असते.

*

एकच दिवस घेऊन पाहू. २३ जून १७६१ या दिवशी पुण्यास नानासाहेब पेशव्यांचे निधन झाले. पानिपताचा घाव त्यांना सोसला नाही. या दिवशी शालिवाहन शक होता १६८३. महसुली कागदांतला सुहूर सन होता ११६२. फसली होती ११७१. हिजरी सन ११७४. व्यापाऱ्यांचा कार्तिकादी संवत १८१७. आणि छत्रपतींच्या पत्रांत लिहिला जाणारा राज्याभिषेक शक होता ८८. एका दिवसाला सहा वर्षे, आणि इंग्रजी धरले तर सात! यांतली बहुतेक वर्षे निराळ्या दिवशी सुरू होतात. शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला. सुहूर आणि दक्षिणी फसली ही दोन्ही सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, कारण शके १५९६ मध्ये त्या तिथीस रायगडावर राज्याभिषेक झाला. हिजरी तर कोणत्याच ऋतूला बांधलेले नाही. ते सर्व ऋतूंतून फिरत असते.

याचा परिणाम गठ्ठ्यांवर कसा होतो ते पाहण्यासाठी चार घटना एका ओळीत मांडू. डिसेंबर १७६० मध्ये कोल्हापूरचे संभाजी महाराज वारले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. जूनमध्ये नानासाहेब गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात साताऱ्यास महाराणी ताराबाईंचा अंत झाला. इंग्रजी सालाने वाटणी केली तर १७६० च्या वाट्याला एक घटना येते आणि १७६१ च्या वाट्याला तीन. वाचणारा म्हणेल, १७६१ हे मराठी राज्याचे अरिष्टाचे वर्ष. आता हेच शकाने वाटा. पानिपत हे पौष शुद्ध अष्टमीचे, म्हणून ते शके १६८२ मध्येच राहते. संभाजी महाराजांचा मृत्यूही त्याच शकात. उरलेल्या दोन घटना शके १६८३ मध्ये. दोन आणि दोन! अरिष्टाचे एकटे वर्ष नाहीसे झाले. त्याच्या जागी दोन सारख्या वजनाची वर्षे आली. घटना त्याच, दिवस तेच. फक्त रेघ हलली.

यात शकाची रेघ अधिक खरी आणि इंग्रजी खोटी, असे मात्र समजू नये. पण पानिपताच्या मोहिमेपुरते बोलायचे तर शकाची वाटणी अधिक सोयीची आहे. भाऊसाहेब मार्च १७६० मध्ये पडदूरहून निघाले ते गुढीपाडव्याच्या जरासे अलीकडे, आणि मोहीम संपली पौषात. म्हणजे जवळजवळ सारी मोहीम एका शकाच्या पोटात मावते. इंग्रजी साल तिचे ऐन शेवटी दोन तुकडे करते. मोहिमा दसऱ्यानंतर निघाव्या आणि पावसाळ्याच्या आत परताव्या हा आपला रिवाज. अशा लष्करी व्यवहाराला डिसेंबरच्या अखेरीस रेघ मारणे म्हणजे धावत्या घोड्याला मधेच लगाम घालणे होय. महसुलाची गोष्ट आणखी वेगळी. तेथे पेरणीपासून सुगीपर्यंतचा काळ एका कप्प्यात हवा, म्हणून वर्ष मृगाला उलटते. ज्या कामासाठी वर्ष धरायचे त्या कामाच्या ओघात जेथे नैसर्गिक खळ पडतो तेथे रेघ मारावी, हे शहाणपण जुन्या दफ्तरदारांना होते.

कोल्हापूरच्या वाचकास याचे आजचे उदाहरण हवे असेल तर ते शाहूपुरीच्या बाजारपेठेत मिळेल. गुळाचा आणि साखरेचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. साखरेच्या व्यवहारात म्हणूनच वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असे धरतात. तेच आकडे कोणी जानेवारी ते डिसेंबर अशा कप्प्यांत भरले तर एका हंगामाचे शेपूट आणि दुसऱ्या हंगामाचे डोके एकत्र बांधले जाईल. दुष्काळाच्या वर्षाचा खड्डा अर्धा इकडे, अर्धा तिकडे जाऊन बुजून जाईल. शेतकऱ्यावर काय गुदरले ते त्या तक्त्यात दिसणारच नाही.

*

आता सुहूर सनाकडे वळू, कारण सर्वांत मोठा चकवा तेथे आहे. हा सन हिजरी ७४५, म्हणजे इसवी सन १३४४ च्या सुमारास हिजरीपासून फुटून निघाला. त्या वेळी दोघांचा आकडा एकच होता. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. सुहूर वर्ष सौर. त्यामुळे हिजरीचा आकडा भराभर पुढे गेला आणि १७६१ पर्यंत दोघांत बारा-तेरा वर्षांचे अंतर पडले. सुहूर सनात ५९९ मिळवले की मृगापासून डिसेंबरपर्यंतचे इसवी साल मिळते, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या काळासाठी ६०० मिळवावे लागतात. आकडा अरबी शब्दांत लिहीत आणि एककापासून सुरुवात करीत. इसन्ने म्हणजे दोन, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. तेव्हा ‘इसन्ने सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६२.

इथपर्यंत सारे सरळ आहे. घोटाळा असा की, वर्ष सौर घेतले तरी महिना आणि दिवस हिजरीचेच ठेवले. ‘छ’ हे अक्षर चंद्राचे. त्याच्यापुढे चंद्राचा दिवस, मग मोहरम, सफर, जिल्काद असा महिना, आणि शेवटी सुहूर सन. आता ३५४ दिवसांची माळ ३६५ दिवसांच्या पेटीत ठेवली तर काय होईल? माळ एकदा पुरी होऊन तिचे पहिले दहा-अकरा मणी पेटीत दुसऱ्यांदा येतील. म्हणजे प्रत्येक सुहूर वर्षात दहा-अकरा तारखा अशा असतात की त्या त्याच वर्षात दोनदा येतात, एकदा आरंभी आणि एकदा अखेरीस.

समजा, एका कागदावर ‘छ ५ जिल्काद, सन इसन्ने सितैन मया व अलफ’ एवढेच आहे. हा दिवस १७६१ च्या जूनमध्ये, सुमारे ८ तारखेस पडतो. आणि १७६२ च्या मे महिन्यात, सुमारे २८ तारखेसही पडतो. दोन्ही दिवस ११६२ या एकाच सुहूर सनात आहेत. आणि या दोन दिवसांच्या मधे काय काय घडले? नानासाहेब पेशवे वारले, माधवरावांना वस्त्रे मिळाली, ताराबाई गेल्या.

कोल्हापूरच्या दृष्टीने तर हे अंतर फारच मोलाचे आहे. संभाजी महाराजांना पुत्र नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर करवीरची गादी राहते की जाते असा प्रसंग उभा राहिला. नानासाहेबांचा कल सातारा आणि कोल्हापूर ही दोन्ही राज्ये एक करण्याकडे होता. जिजाबाईसाहेबांनी तो डाव चालू दिला नाही. पुढे माधवरावांच्या कारकिर्दीत, १७६२ मध्ये, पेशव्यांच्या संमतीने खानवटकर भोसल्यांच्या घराण्यातून दत्तक घेण्यात आला आणि गादी टिकली. आता पुण्याहून कोल्हापूरच्या वारसासंबंधी आलेल्या एखाद्या पत्रावर अशी दुहेरी तारीख असली, तर ते पत्र १७६१ च्या जूनचे की १७६२ च्या मेचे? पहिले असेल तर तो राज्य बुडवू पाहणाऱ्या पेशव्याचा शब्द. दुसरे असेल तर ते राज्य राखू देणाऱ्या पेशव्याच्या कारकिर्दीतले पत्र. अक्षर तेच, सन तोच, अर्थ मात्र अगदी उलटा. गठ्ठ्यावर ‘११६२’ लिहून मोकळे होणाऱ्याला याचा पत्ताही लागणार नाही. कागदातच वार, तिथी, संवत्सराचे नाव किंवा एखादी जाता जाता सांगितलेली हकीकत असेल, तर तिच्या आधाराने दोहोंपैकी एक दिवस निवडावा लागतो. ती नसेल तर दोन्ही दिवस नोंदवून ठेवणे हाच प्रामाणिकपणा.

राज्याभिषेक शकाचीही अशीच एक फट आहे. १७६१ मध्ये मृग लागला जूनच्या ४ तारखेच्या सुमारास आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आली सुमारे बारा दिवसांनी. त्या बारा दिवसांत सुहूर सन नवा होता आणि राजशक जुनाच, ८७ चालू होता. दोन्ही सन लिहिलेला कागद अशा फटीत सापडला की घाईच्या वाचकाला वाटते, लेखकाने चूक केली. लेखक बिचारा बरोबरच असतो.

*

या जंजाळातून वाट काढणारे एक साधन कोल्हापुरातल्याच एका विद्वानाने तयार केले, ही गोष्ट आज पुष्कळांच्या विस्मरणात गेली आहे. बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) हे राजाराम कॉलेजात शास्त्र विषयाचे अध्यापक. पदार्थविज्ञान आणि रसायन मराठीत आणण्यासाठी त्यांनी ग्रंथ लिहिले, आणि इतिहासाकडेही तितक्याच आस्थेने लक्ष दिले. त्यांनी १७२८ पासून १८८९ पर्यंतच्या निरनिराळ्या सनांच्या तारखा शेजारी शेजारी मांडणारी जंत्री सिद्ध केली. पुढे गणेश सखाराम खरे यांनी त्यामागच्या, शिवकालापासूनच्या काळाची जंत्री केली, आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती दोन शतकांहून अधिक काळाची किल्ली आली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट स्यूएल यांच्या जोडीने भारतीय कालगणनेवर इंग्रजीत १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथही याच पंक्तीतला.

जंत्री हा वाचण्याचा ग्रंथ नव्हे. त्यात कथा नाही, मत नाही. आकड्यांचे रकानेच्या रकाने. पण रसायनाचा अध्यापक तराजू बिनचूक असल्याशिवाय प्रयोगाला हात घालत नाही. इतिहासाचा तराजू आधी बिनचूक केला पाहिजे, ही दृष्टी मोडकांच्या त्या रकान्यांतून दिसते. पुष्कळशा खासगी पत्रांवर साल नसतेच. नुसती ‘कार्तिक शुद्ध पंचमी, भौमवार’ एवढीच मिती असते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊक होते. ते लिहायचे कशाला? अशा वेळी जंत्री उघडून कोणकोणत्या वर्षी त्या तिथीला मंगळवार येतो ते पाहायचे. ढोबळ मानाने सातांतली सहा वर्षे तेथेच गळतात. उरलेल्यांतून पत्रातील माणसे आणि प्रसंग पाहून एक निवडायचे. संवत्सराचे नाव असेल तर काम आणखी सोपे: शकात १२ मिळवून ६० ने भागावे, उरलेल्या बाकीचा क्रमांक प्रभवापासून मोजावा. १६८२ ला बाकी उरते १४, म्हणजे विक्रम संवत्सर. पानिपताच्या वर्षाचे नाव विक्रम असावे, हा केवळ गणिताचा योगायोग.

बेरजेचा नियम ढोबळपणे लावला तर काय होते, याचे सर्वांना ठाऊक असावे असे उदाहरण शिवजन्माचे आहे. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीत शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेस दिला आहे. शकावली म्हणजे तरी काय? घटनांची वर्षावर्षाने केलेली वाटणीच. आता १५५१ मध्ये डोळे मिटून ७८ मिळवले तर १६२९ येते. पण फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना. तोपर्यंत इंग्रजी साल उलटून गेलेले असते. म्हणून ७९ मिळवून १६३०, आणि तारीख १९ फेब्रुवारी. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये हीच तारीख मान्य केली.

ही १९ फेब्रुवारी जुन्या, जूलियन गणनेची. पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये पंचांग सुधारले; पोर्तुगालने ते लगेच स्वीकारले, इंग्लंडने १७५२ पर्यंत नाही. त्यामुळे राज्याभिषेकाच्या दिवशी रायगडावर आलेल्या इंग्रज वकिलाच्या लेखी ६ जून १६७४ होता, तर गोव्याच्या पोर्तुगीजाच्या लेखी १६ जून. इंग्रजांचे कायदेशीर वर्ष तर त्या काळी २५ मार्चला सुरू होई. जानेवारी १६६४ मधली सुरतेची लूट त्यांच्या जुन्या हिशेबाने १६६३ मध्येच पडते. वखारीची पत्रे, गोव्याचे कागद आणि आपली मोडी पत्रे एकत्र करून महिन्यावार लावणाऱ्याने हे भान सोडले, तर उत्तर आधी आणि पत्र मागून, असा चमत्कार घडेल.

वर्षाप्रमाणे दिवसही कोठेतरी मोडावा लागतो. आपला दिवस सूर्योदयाला उलटतो, मुसलमानी दिवस सूर्यास्ताला, इंग्रजी मध्यरात्री. शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले ती आषाढातली रात्र इंग्रजी गणनेत १२ आणि १३ जुलै १६६० अशा दोन तारखांत तुटते. आपल्या गणनेत ती सलग एक रात्र आहे. विशाळगडाच्या वाटेवर जे धावत होते त्यांना मध्यरात्री तारीख बदलल्याची खबर नव्हती.

*

मग यंत्र काय करते? ऐकून आश्चर्य वाटेल, पण यंत्र करते ते आपल्या ज्योतिष्यांनी फार पूर्वी केलेले आहे. महिने, तिथ्या, अधिकमास यांच्या गुंतागुंतीतून सुटण्यासाठी त्यांनी एक युक्ती काढली: एक आरंभदिवस ठरवायचा आणि तेथून दिवस नुसते मोजत जायचे. त्या मोजणीला अहर्गण म्हणतात. संगणकही बहुधा असेच करतो. १ जानेवारी १९७० हा आरंभ धरून तो सेकंद मोजतो, त्यापूर्वीचे ऋण. दिवसाला आकडा मिळाला की सन कोणता याचे भांडण मिटते.

कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी ग्रहलाघवात, शके १४४२ म्हणजे इसवी सन १५२० मध्ये, याच्या पुढचे पाऊल टाकले. अहर्गण वाढत वाढत अवजड होतो, म्हणून त्यांनी अकरा अकरा वर्षांची चक्रे केली. शकातून १४४२ वजा करावे, ११ ने भागावे. भागाकार हा चक्राचा क्रमांक, बाकी ही चक्रातली वर्षे. एका चक्राचे दिवस ४०१६. पानिपताचा शक १६८२ घेतला तर २४० भागिले ११, चक्र २१, बाकी ९. महाराष्ट्रातली पंचांगे शतकानुशतके या रीतीने झाली. आज्ञावली लिहिणारा तरुण शोधात सापडलेल्या नोंदी कालखंडाने वाटतो तेव्हा हेच तीन प्रश्न सोडवतो: आरंभ कोणता, कप्प्याची रुंदी किती, आणि भागाकार काय. भागाकार हा कप्पा, बाकी ही कप्प्यातली जागा.

भागाकार यंत्र कधी चुकत नाही. पहिले दोन प्रश्न मात्र गणिताचे नाहीतच. दशके १७५१ पासून धरली तर संभाजी महाराजांचा मृत्यू आणि पानिपत या महिन्याभराच्या अंतरावरच्या घटना दोन निरनिराळ्या दशकांत पडतात; १७५० पासून धरली तर एकाच दशकात. ‘१७५० ते १७६०’ आणि ‘१७६० ते १७७०’ असे कप्पे केले तर १७६० चा कागद दोन्हींकडे हक्क सांगतो. म्हणून कप्प्याचा पहिला दिवस आत आणि शेवटची सीमा बाहेर, असा नियम करावा लागतो. आठवडे सगळे सारखे, पण महिने सारखे नाहीत आणि चांद्रवर्षे तर मुळीच नाहीत; अधिकमासाचे वर्ष तेरा महिन्यांचे असते. त्या वर्षी कागद अधिक दिसले तर पत्रव्यवहार वाढला असे म्हणू नये.

रुंदीचा प्रश्न पेशवे दफ्तराने फार सुरेख सोडवला होता. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत. त्यावरून बाबवार घडणी आणि खतावणी. आणि मग वर्षाची तेरीज, जमाखर्चाचा गोषवारा. मुख्य गोष्ट ही की, तेरीज झाली म्हणून रोजकीर्द फेकून देत नसत. वरच्या कप्प्याविषयी शंका आली तर खालच्या कप्प्यापर्यंत उतरता येई.

*

आणखी दोन प्रकारच्या कागदांची गोष्ट सांगितली पाहिजे. पहिला प्रकार, मितीच नसलेले कागद. कालखंडाने वाटणी केली की हे कोणत्याच कप्प्यात बसत नाहीत आणि नकळत यादीतून गळतात. त्यांच्यासाठी वेगळा रुमाल हवा. दुसरा ‘प्रकार’ म्हणजे नसलेले कागद. वाटणी करणारी आज्ञावली सापडलेल्या कागदांपुरतेच कप्पे बहुधा करते. ज्या वर्षी एकही कागद नाही ते वर्ष तक्त्यात येतच नाही, आणि १७१० च्या शेजारी १७१४ उभे राहते. जणू मधली वर्षे झालीच नाहीत! पन्हाळ्यास ताराबाईंनी गादी स्थापली ती १७१० मध्ये, आणि तेथेच त्यांच्या हातून कारभार जाऊन संभाजीराजे गादीवर आले ते १७१४ मध्ये. मधल्या काळात काय घडत होते हे ज्याला शोधायचे आहे, त्याच्या डोळ्यांपुढे रिकामी जागा रिकामी म्हणून आली पाहिजे. तरच तो ती भरण्यासाठी बाहेर पडेल.

करवीरच्या बाबतीत अशी शोधाशोध वाया जात नाही, याला साक्ष आहे. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ठिकठिकाणच्या दफ्तरांतून ताराबाईकालीन कागदपत्रे गोळा करून विद्यापीठातर्फे खंडशः प्रसिद्ध केली, आणि जी राणी पुष्कळांच्या लेखी केवळ गृहकलहाचे कारण होती तिच्या कारभाराचा पट उलगडला. स. मा. गर्गे यांनी ‘करवीर रियासत’ लिहिली ती अशाच सामग्रीच्या बळावर. रिकाम्या कप्प्याला शून्य म्हणून मान देणारी माणसे होती, म्हणून हे झाले.

तेव्हा कोल्हापूरच्या पुरालेखागारातील असोत की एखाद्या इनामदाराच्या माळ्यावरचे असोत, कागदांची यादी करणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्या. कागदावर जशी मिती आहे तशी ती अक्षरशः उतरून ठेवावी, आणि इंग्रजी तारीख तिच्या शेजारी लिहावी, जागी नव्हे. वाटणी कोणत्या सनाने, कोणत्या दिवसापासून आणि किती रुंदीची केली ते तक्त्याच्या डोक्यावर लिहावे. आणि रिकामी वर्षे गाळू नयेत. एवढे केले तर उद्याचा अभ्यासक आपली रेघ पुसून स्वतःची रेघ मारू शकेल. रेघ पुसता आली पाहिजे. मिती मात्र पुसली जाता कामा नये. ती एकदा गेली की जिल्कादची पाचवी तारीख जूनची की मेची, करवीरची गादी बुडवण्याच्या बेताची की राखण्याच्या, हे सांगायला मोडकांची जंत्रीही उपयोगी पडणार नाही.